सव्विसावं मत

शाळेची मुलं राजधानी बघायला येतात, तेव्हा त्यांच्या हातात एक पातळसं पुस्तक ठेवतात. ‘आपल्या कायदेमंडळातले शब्द’. ते मी लिहिलंय. नाव नाही माझं त्यावर, पण लिहिलंय मीच, अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात, पंखा बिघडलेल्या खोलीत बसून. कोरम म्हणजे काय, व्हेटो म्हणजे काय, मुदत संपत आलेल्या पुढाऱ्याला लंगडं बदक का म्हणतात, मतदारसंघाच्या सीमा वेड्यावाकड्या कापून निवडणूक आधीच कशी जिंकून ठेवतात. असे चौतीस शब्द. त्यात एक शब्द ‘जोडी’. त्याच्यापुढे मी लिहिलं होतं: ‘विरुद्ध मताच्या दोन सभासदांमधला सौजन्याचा करार. एकाला अडचणीमुळे येता आलं नाही, तर दुसराही आपलं मत देत नाही.’ सौजन्य म्हणे. माझ्याच हातांनी लिहिलंय मेलं, दुसऱ्या कुणाला बोलायची सोय नाही.

राज्याच्या सिनेटमध्ये मी बावीस वर्षं वाचक-कारकून होते. विधेयकं मोठ्यानं वाचायची आणि मतदानाला पन्नास जणांची नावं पुकारायची, एवढंच काम. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, म्हणून ठेवली होती मला. मला स्वतःला काय वाटतं, ते बावीस वर्षांत कुणी विचारलं नाही, आणि मीही कधी सांगायला गेले नाही. एकदाच गेले. तीच गोष्ट सांगतेय.

आम्ही टिंबर फोर्कची माणसं. शिसं आणि जस्ताची खाण, तिच्याभोवती गाव. माझा धाकटा भाऊ राल्फ पेनगेली चोवीस वर्षं खाली उतरून दगडात भोकं पाडायचा. सेहेचाळिसाव्या वर्षी दम लागायला लागला तसा खाण सोडून शाळेत शिपाई झाला. नऊ वर्षांनी डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, छाती धुळीने भरलीय. आमच्या राज्याचा कायदा असा, की खाण सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत आजार निघाला तरच तो खाणीचा. आता धूळ काय कॅलेंडर बघून चढते? पण कायद्यात दोन वर्षं लिहिलंय म्हणजे दोन वर्षं. त्यामुळे राज्याच्या इस्पितळात राल्फला खाट नव्हती, आणि घरी प्राणवायूची नळकांडीही मिळणार नव्हती. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, मिलीला, बाजूला घेऊन सांगितलं होतं: उपचार मिळाले तर पाच-सहा वर्षं काढील, नाहीतर पुढचा हिवाळा काही खरं नाही.

त्रेसष्ट सालच्या अधिवेशनात एक्याण्णव नंबरचं विधेयक आलं. दोन वर्षांची अट काढून टाका, बस. एका पानाचं विधेयक. खालच्या सभागृहात ते पास झालं. आमच्याकडे यायला मार्च उजाडला, आणि अधिवेशन साठ दिवसांचं, तेही दोन वर्षांतून एकदा. या खेपेला हुकलं की पासष्ट साल.

दर रविवारी मी गावी जायचे आणि युनियनच्या हॉलमध्ये राल्फ आणि त्याच्यासारखेच धापा टाकणारे आठ-नऊ जण जमायचे. त्यांना मी शिकवायचे. कुठल्या दारातून विधेयक आत जातं, कुठे अडकतं, कुणाला पत्र लिहायचं.

“ताई, तीन-तीन वेळा कशाला वाचतात गं विधेयक?” राल्फ विचारायचा. “पहिल्या वाचनात कळत नाही का त्यांना?”

“तिसऱ्यातही कळत नाही. म्हणून मग मतदान घेतात.”

हसायचा, आणि हसला की खोकला. मग सगळेच खोकायचे.

एक गोष्ट मी त्यांच्या डोक्यात हातोड्याने ठोकली होती. आमच्याकडे हजर किती, याला किंमत नाही. पन्नास जागा आहेत, तर होकाराची मतं सव्वीस हवीतच. पंचवीस विरुद्ध शून्य झालं तरी विधेयक पडलं. घरी झोपलेला माणूससुद्धा ‘नाही’ म्हटल्यासारखाच. टोइवो लाटिनेन नावाचा एक फिनिश म्हातारा होता, त्याने ते त्याच्या टोपीच्या आत पेन्सिलने लिहून ठेवलं होतं: सव्वीस. आणि सव्वीस आमच्याकडे होते. मी मोजले होते. सव्विसातला एक आमचा स्वतःचा सिनेटर, आल्डन थोर्स्बी.

थोर्स्बीसाहेबांबद्दल वाईट बोलणारा माणूस गावात सापडायचा नाही. औषधांचं दुकान होतं त्यांचं. खाणीतल्या संपाच्या काळात किती घरांना त्यांनी औषधं अशीच दिली, त्याची मोजदाद नाही. शब्द दिला की दिला. सिनेटमध्ये तर विरोधी पक्षातलेही म्हणायचे, आल्डनने मान हलवली की कागदाची गरज नाही.

सोमवारी दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. मतदान मंगळवारी दुपारी दोनला.

“हेझलबाई, उद्याच्या नोंदीत लिहून ठेवा. माझी लिडेलशी जोडी आहे.”

वॉरन लिडेल म्हणजे दक्षिणेकडचा सिनेटर, खाणवाल्यांचा माणूस, एक्याण्णव नंबरच्या विरोधात सगळ्यात जास्त बोललेला. त्याच्या मुलीच्या हृदयाचं ऑपरेशन होतं मंगळवारी सकाळी, तीनशे मैलांवरच्या मोठ्या इस्पितळात. अकरा वर्षांची पोर. शुक्रवारीच तो तिकडे गेला होता.

मी पेन खाली ठेवलं. “कशासाठी जोडी?”

“कशासाठी म्हणजे? त्याला येता येत नाही. शुक्रवारी दारात भेटला, डोळे भरून आले होते बिचाऱ्याचे. मी म्हटलं, वॉरन, तू जा, तुझ्या मताची काळजी करू नकोस, मी तुझ्या जोडीला बसतो.”

“साहेब, त्याच्या मताची काळजी करायचं कारणच काय? तो नाही आला तरी त्याचं ‘नाही’ मोजलंच जातं. सव्वीस व्हायला हवेत. तो घरी, तुम्ही गप्प. म्हणजे गेलं ते फक्त तुमचं मत.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूहळू त्यांचा चेहरा पडला. खोटं सांगत नाही, त्यांना तोपर्यंत सुचलंच नव्हतं. जोडी बहुतेक वेळा दुरुस्त्यांच्या मतदानाला लावतात. तिथे ज्या बाजूला जास्त, ती बाजू जिंकते. एक इकडचा, एक तिकडचा वजा झाला तर कुणाचं नुकसान नाही. अठरा वर्षांची सवय. समोर रडवेला माणूस दिसला आणि तोंडातून शब्द निघून गेला.

“चूक झाली,” ते म्हणाले.

“मग सुधारा. अजून उद्या दुपारपर्यंत वेळ आहे. त्याला फोन करून सांगा, मला मोकळं कर.”

“ऑपरेशनच्या आदल्या दिवशी? एका बापाला?”

“एका मिनिटाचा फोन आहे.”

“हेझलबाई,” ते अगदी हळू म्हणाले, “मी मागितलं तर त्याला नाही म्हणता येणार नाही. म्हणूनच मागायचं नसतं. मी सव्विसावा दुसरीकडून शोधतो.”

आणि शोधायला गेलेही. संध्याकाळपर्यंत हॉटेलच्या खोल्यांची दारं ठोठावत फिरले. सिनेटर सगळे त्याच एका हॉटेलात उतरायचे. पण विरोधातले ते उरलेले तेवीस जण मला माहीत होते. त्यांतला एकही हलणारा नव्हता.

पाच वाजता मी कोपऱ्यावरच्या दुकानात शिरले आणि तिथल्या फोनच्या खोक्यात नाणी टाकायला लागले. कारकुनाने सिनेटरला मताबद्दल फोन करायचा नसतो. त्याच दिवशी घरी पाठवतात. मला ठाऊक होतं. इस्पितळात फोन घेणाऱ्या मुलीने पाच-सात मिनिटं शोधलं आणि लिडेलला फोनवर आणलं.

मी आधी पोरीची चौकशी केली. मनापासून केली, माझं काही त्या पोरीशी वैर नव्हतं. मग सांगितलं. माझा भाऊ आहे, असंही सांगितलं. हात पसरले म्हणा ना.

लिडेल शांतपणे ऐकत होता. ओरडला नाही, काही नाही. “बाई,” तो म्हणाला, “मला त्या हिशेबाची कल्पना होती. आल्डनला नव्हती, हे मला तेव्हाच कळलं. पण त्याने आपणहून देऊ केलं, मी मागितलं नव्हतं.”

“मग सोडा ना त्यांना.”

“सोडीन की. आल्डनने नुसतं विचारलं तरी या क्षणी सोडतो. शपथेवर सांगतो. पण त्याने विचारायला हवं. कारकुनाच्या निरोपावर एकाने दुसऱ्याचा शब्द परत करायचा, अशी आपल्याकडे रीत नाही. उद्या तोच म्हणेल, वॉरन, मी मागितला नसताना तू मला परत कसा दिलास, माझ्यावर विश्वास नव्हता का?”

मी धावत हॉटेलात गेले. थोर्स्बीसाहेब जेवणाच्या खोलीत एकटेच बसले होते, पुढ्यात कांदा आणि काळीज परतलेलं, त्याला हातही लावलेला नव्हता. मी उभ्या उभ्या सांगितलं: तो सोडायला तयार आहे. तुम्ही फक्त विचारा. हा नंबर.

त्यांनी नंबराचा कागद बघितला, घेतला नाही. “तुम्ही फोन केलात?”

“केला.”

“माझ्या नावाने?”

“माझ्या भावाच्या नावाने.”

“तुम्ही काय केलंत याची तुम्हाला कल्पना आहे का बाई? त्याला वाटणार, मीच तुम्हाला पुढे केलं. बाईमाणसाला पुढे करून आल्डन थोर्स्बी शब्द मागे घ्यायला बघतोय. आता तर मला विचारताच येणार नाही. दुपारी विचारता आलं असतं एकवेळ.”

“दुपारी तुम्ही विचारणार होतात?”

त्यांनी ताटली बाजूला सरकवली.

“साहेब, राल्फला तुम्ही लहानपणापासून ओळखता. त्याला पुढचा हिवाळा दिसायचा नाही.”

“ओळखतो म्हणूनच जेवण जात नाहीये मला,” ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खरं पाणी. मला त्या पाण्याचीच चीड आली. फोन त्यांच्या पाठीमागे दहा पावलांवर भिंतीला टांगलेला होता.

मंगळवारी सकाळी टिंबर फोर्कहून नऊ जण आले, चर्चच्या बसमधून. राल्फ दुसऱ्या पायरीवर बसला, पाचव्या पायरीवर बसला, असं करत करत वर पोचला. मिलीने पेस्टी करून आणल्या होत्या, मांस-बटाटा भरलेल्या आमच्या त्या जाडजूड करंज्या. खालच्या बाकावर बसून आम्ही खाल्ल्या. टोइवो टोपी काढून आतला आकडा सगळ्यांना दाखवत होता. मिली मला म्हणाली, “ताई, तुम्ही खात का नाही?” मी म्हटलं, घसा मोकळा ठेवायचाय, नावं पुकारायचीत. सांगायला हवं होतं तेव्हा. मला वाटत होतं, अजून चार तास आहेत, माणूस आहे, विरघळेल, करील फोन. मी मूर्ख, इतकी वर्षं त्या लोकांत राहून एवढंही शिकले नव्हते.

दोन वाजता मी एक्याण्णव नंबर तिसऱ्यांदा वाचलं आणि नावं पुकारायला सुरुवात केली. लिडेल म्हटलं. कुणी बोललं नाही. “गैरहजर,” असं मी स्वतःच म्हणाले आणि पुढे गेले. थोर्स्बीचं नाव यायला आणखी पंधरा-सोळा नावं होती. मी सावकाश पुकारत गेले, इतकी सावकाश, की अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं.

“थोर्स्बी.”

ते उठले. कोटाचं बटण लावलं.

“अध्यक्षमहाराज, दक्षिणेचे सिनेटर लिडेल यांच्याशी माझी जोडी आहे. ते इथे असते तर त्यांनी ‘नाही’ म्हटलं असतं. मी मोकळा असतो तर ‘होय’ म्हटलं असतं. म्हणून मी मत देत नाही.”

सभागृहात असं शांत झालं, जसं प्रार्थनेला होतं. हिशेब एव्हाना सगळ्यांनाच कळला होता. विरोधातल्या एका सिनेटरने बाकावर हलकेच मूठ आपटली, शाबासकीची. मग दुसऱ्याने. मी पुढची चार नावं पुकारली. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

अध्यक्षांनी वाचलं: “होय, पंचवीस. नाही, तेवीस.”

वर गॅलरीत टाळ्या वाजल्या. आमचीच माणसं. पंचवीस मोठे की तेवीस, हे काय शिकवायला लागतं का कुणाला? मिलीने राल्फच्या गळ्यात हात टाकले. टोइवोने टोपी काढून हातात धरली होती, आणि तो तिच्या आत बघत होता. त्याला कळलं. राल्फलाही कळलं होतं. तो टाळ्या वाजवत नव्हता, कठड्यावरून वाकून माझ्याकडे बघत होता. अध्यक्षांनी हातोडा आपटून पुढचं वाक्य म्हटलं, आवश्यक मतं न मिळाल्याने विधेयक नामंजूर. टाळ्या थांबायला बराच वेळ लागला, कारण वर नीट ऐकू जात नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर राल्फ बसला होता. मी शेजारी बसले.

“ताई, तुला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“काल दुपारपासून.”

श्वास जमेपर्यंत तो थांबला. “मग सकाळी का नाही सांगितलंस?”

मी त्याच्या कोटावरचा पेस्टीचा चुरा झटकला.

“बरं केलंस,” तो म्हणाला. “निदान पेस्टी तरी नीट खाल्ल्या.”

गुरुवारी लिडेल परत आला. पोर बरी होती, देवाची कृपा. तो आत शिरला तेव्हा सगळे उभे राहिले. त्याने सरळ जाऊन थोर्स्बीसाहेबांना मिठी मारली आणि दोन्ही पक्षांनी टाळ्या वाजवल्या. राजधानीच्या वर्तमानपत्राने अग्रलेख लिहिला, की स्वतःच्या गावाचं नुकसान सोसूनही शब्द पाळणारी माणसं अजून आहेत. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. इथे तर खाणारे एकमेकांची पाठ थोपटत होते. शेवटच्या दिवशी थोर्स्बीसाहेबांच्या अभिनंदनाचा ठराव आला. एकमताने पास. तो मी वाचला. फोनची गोष्ट दोघांपैकी कुणीही बाहेर काढली नाही, माझी नोकरी राहिली. तेही सौजन्यच म्हणायचं.

राल्फ नोव्हेंबरात गेला. शेवटचा महिनाभर त्याला आडवं होता येत नव्हतं. खुर्चीत बसून झोपायचा आणि मिली त्याचं डोकं धरून बसायची, पुढे पडू नये म्हणून. एवढंच सांगते. जास्त सांगवत नाही.

पासष्ट सालच्या अधिवेशनात विधेयक परत आलं. तोपर्यंत कंपनीने खाण बंदच करायचं ठरवलं होतं, त्यामुळे कुणाची हरकत उरली नव्हती. विधेयक मांडणाऱ्यांच्या सह्यांत दुसरी सही लिडेलची होती. अठ्ठेचाळीस विरुद्ध शून्य. थोर्स्बीसाहेबांनी उठून सुचवलं, की याला राल्फ पेनगेली कायदा म्हणावं, आणि तेही लगेच मान्य झालं. नऊ जणांतले चार तेव्हा हयात होते.

कायद्यावर सही करताना राज्यपाल अनेक पेनं वापरतात आणि मग ती वाटून टाकतात. त्यातलं एक पेन घेऊन थोर्स्बीसाहेब एप्रिलमध्ये मिलीकडे आले. मीही होते. मिलीने कॉफी केली. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं, मखमलीच्या डबीत.

“राल्फला बघायला मिळायला हवं होतं,” ते म्हणाले.

मिली डबीकडे बघत होती. ती कधी मोठ्याने बोलणारी बाई नाही. “साहेब, तेव्हा तुम्ही एक फोन का केला नाहीत?”

त्यांनी कप खाली ठेवला. राग नाही, काही नाही, लहान मुलाला समजावतात तसं म्हणाले, “मिली, मी तो शब्द फिरवला असता, तर त्या सभागृहात पुन्हा कुणाला तोंड दाखवलं असतं?”

“आणि आम्हाला कसं दाखवलंत?”

त्यांना प्रश्नच कळला नाही. मी त्यांचा चेहरा बघत होते, ढोंग नव्हतं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“तुम्हाला?” ते म्हणाले. “तुम्ही तर मला परत निवडून दिलंत की. आधीपेक्षा चारशे मतं जास्त पडली मला टिंबर फोर्कमधून.”

खरं होतं ते. समोर खाणकंपनीचा वकील उभा होता, आम्ही दुसरं करणार काय? मिलीने त्यांनाच मत दिलं होतं. मीसुद्धा.